रक्तातलं चिमूटभर कॅल्शियम आणि त्याच्यासाठी राबणारी हॉर्मोन्स

सांजवारा :

थायरॉईडचं ऑपरेशन होऊन दीड दिवस झाला होता. जखम फारशी दुखत नव्हती. संध्याकाळी ओठांच्या कडेला मुंग्या यायला लागल्या, दाताची भूल उतरताना येतात ना, तशाच. तासाभरात त्या बोटांच्या टोकांपर्यंत पोचल्या. नर्सला सांगितलं, तर तिने काही न बोलता बीपीचा पट्टा दंडाला बांधला, नेहमीपेक्षा जास्त फुगवला आणि तसाच ठेवला. दोन-अडीच मिनिटांत माझा हात माझं ऐकेनासा झाला. मनगट आत वळलं, अंगठा तळव्यात ओढला गेला, बाकीची चार बोटं ताठ होऊन एकमेकांना चिकटली. मी जोर लावून ती उघडायला बघत होते, उघडेचनात. तिने हवा सोडली, हात सैल पडला आणि ती म्हणाली, "कॅल्शियम उतरलंय." रिपोर्ट नंतर आला. ७.१.

शिरेतून कॅल्शियम ग्लुकोनेट अगदी सावकाश सोडलं. आधी छातीत, मग अंगभर एक ऊब पसरत गेली आणि थोड्या वेळात मुंग्या ओसरल्या. त्या हाताच्या परीक्षेला ट्रूसो या फ्रेंच डॉक्टरचं नाव आहे, हे मला बऱ्याच दिवसांनी कळलं.

याला दोन वर्षं झाली. मी डॉक्टर नाही, पण तो वळलेला पंजा डोळ्यांसमोरून जात नव्हता, म्हणून वाचत गेले, विचारत गेले. जे समजलं ते इथे मांडते. जाणकारांनी चुकलं तिथे दुरुस्त करावं.

कॅल्शियम म्हटलं की आपल्याला हाडं आठवतात. प्रौढ माणसाच्या अंगात साधारण १ किलो कॅल्शियम असतं आणि त्यातलं ९९ टक्के हाडांत आणि दातांत असतं, हे खरंच आहे. पण शरीर जिवापाड जपतं ते रक्तातलं. रक्तद्रव साधारण ३ लिटर, त्यात दर डेसिलिटरला ८.५ ते १०.५ मिलिग्रॅम. गुणाकार करून बघा. अख्ख्या रक्तात मिळून ३०० मिलिग्रॅमच्या आसपास! ५०० मिलिग्रॅमच्या एका गोळीत याहून जास्त कॅल्शियम असतं. आणि त्यातलंही निम्मं अल्ब्युमिन या रक्तातल्या प्रथिनाला आणि इतर गोष्टींना बांधलेलं, म्हणजे कामाचं, मोकळं असं जे आयनरूपात फिरतं ते १५० मिलिग्रॅम धरा. हृदयाचा ठोका, नसांमधले निरोप, रक्त गोठणं, सगळं या चिमटीवर चालतं.

हृदयाचं कॅल्शियमशी असलेलं नातं १८८३ मध्ये लंडनमध्ये सिडनी रिंगर यांच्या लक्षात आलं, तेही अपघाताने. बेडकाचं काढलेलं हृदय ते मिठाच्या द्रावणात ठेवत आणि ते धडधडत राही. एकदा द्रावण शुद्ध पाण्यात केलं तर हृदय थांबलं. आधीचं द्रावण नळाच्या पाण्यात केलेलं होतं आणि त्या पाण्यात कॅल्शियम होतं.

तर ही चिमूट सांभाळायची कोणी? मुख्य जबाबदारी गळ्यातल्या चार इवल्याशा ग्रंथींवर. थायरॉईडच्या पाठीला चिकटलेल्या पॅराथायरॉईड, मराठीत परावटु. एकेकीचं वजन ३०-४० मिलिग्रॅम. रंगाला पिवळसर-तपकिरी, आजूबाजूच्या चरबीत सहज हरवणाऱ्या. थायरॉईड काढताना त्या दुखावतात किंवा त्यांचा रक्तपुरवठा काही काळ बिघडतो. माझ्या बाबतीत नेमकं तेच झालं होतं.

या ग्रंथींच्या पेशींवर कॅल्शियम ओळखणारा एक रिसेप्टर बसलेला असतो. १९९३ मध्ये एडवर्ड ब्राऊन आणि स्टीव्हन हेबर्ट यांच्या गटाने तो शोधून काढला. रक्तातलं मोकळं कॅल्शियम जरासं घसरलं की काही सेकंदांत ग्रंथी पॅराथायरॉईड हॉर्मोन, म्हणजे पीटीएच, सोडतात. कॅल्शियम वर गेलं की हात आखडता घेतात. गंमत अशी की इतर बहुतेक ग्रंथींत पेशीच्या आत कॅल्शियम वाढलं की हॉर्मोन बाहेर पडतं. इथे ते वाढलं की बंद होतं. ८४ अमिनो आम्लांची ही साखळी रक्तात जेमतेम दोन-चार मिनिटं टिकते आणि ते सोयीचंच आहे. हुकूम बदलला की जुना हुकूम लगेच पुसला गेला पाहिजे.

पीटीएच पहिल्यांदा किडनीला गाठतं. आपल्या किडन्या रोज सुमारे १० ग्रॅम कॅल्शियम गाळतात, म्हणजे रक्तात एका वेळी असतं त्याच्या तीसपट, आणि त्यातलं ९८-९९ टक्के परत घेतात. पीटीएच तिथे आणखी आवळून धरतं. पण त्याच वेळी फॉस्फेट मात्र लघवीतून बाहेर टाकायला लावतं. हे मला आधी कोडंच वाटायचं, एक राखायचं आणि दुसरं फेकायचं? उलगडा हाडांपाशी होतो. हाड विरघळतं तेव्हा कॅल्शियम आणि फॉस्फेट दोन्ही बरोबरच सुटतात. फॉस्फेट रक्तात साचलं तर ते कॅल्शियमला पकडून बसेल आणि कमावलेलं सगळं पाण्यात जाईल. म्हणून जे हॉर्मोन हाडातून कॅल्शियम काढतं तेच फॉस्फेटला बाहेरचा रस्ता दाखवतं. हे वाचलं त्या दिवशी मी पुस्तक मिटून नुसती बसून राहिले होते.

हाडांशी पीटीएच थेट तोडफोड करत नाही. हाड खाणाऱ्या पेशींवर, म्हणजे ऑस्टिओक्लास्टवर, त्याचा रिसेप्टर नसतोच म्हटलं तरी चालेल. ते हाड बांधणाऱ्या पेशींना, ऑस्टिओब्लास्टना, निरोप देतं आणि त्या पेशी खाणाऱ्यांना बोलावतात.

आतड्यापर्यंत पीटीएच स्वतः जात नाही, तिथे ते ड जीवनसत्त्वाला पाठवतं. खरं तर याला जीवनसत्त्व म्हणणं हा इतिहासाने मागे ठेवलेला शब्द, वागणं पुरतं हॉर्मोनचं आहे. उन्हातल्या अतिनील किरणांनी त्वचेत तयार होतं, यकृतात त्याच्यावर पहिली प्रक्रिया होते, आणि पीटीएचच्या सांगण्यावरून किडनीत शेवटची. मग होतं कॅल्सिट्रिऑल. ते आतड्याला अन्नातलं कॅल्शियम शोषायला लावतं. ड पुरेसं नसेल तर खाल्लेल्या कॅल्शियमपैकी १०-१५ टक्केच आत जातं, पुरेसं असेल तर ३०-४० टक्के. नुसत्या कॅल्शियमच्या गोळ्या घेत राहून काही होत नाही, याचं उत्तर इथे आहे. पुढे कॅल्सिट्रिऑल पॅराथायरॉईडला परत कळवतं की काम झालं, आता थांबा.

मला पाच महिने कॅल्शियम आणि कॅल्सिट्रिऑल घ्यावं लागलं. मग एकेक गोळी कमी करत शेवटी बंद झाली. ग्रंथी जाग्या झाल्या होत्या.

आता ज्यासाठी हा धागा काढला ते. रक्तातलं कॅल्शियम 'नॉर्मल' आलं म्हणजे सगळं ठीक, असं कोणी म्हटलं तर विचारा की पीटीएच किती आहे. आकडा जागेवर आहे एवढंच तो सांगतो. तो जागेवर ठेवायला कोण किती राबतंय आणि कशाची झीज होतेय, ते सांगत नाही.

---

काजवा :

फार सुरेख लिहिलंय. माझ्याच मनातला प्रश्न आहे. मी ६४ वर्षांची. गेल्या वर्षी नुसत्या पाय घसरण्याने मनगट मोडलं. हाडांची घनता खूपच कमी निघाली. पण रक्तातलं कॅल्शियम ९.४, अगदी मधोमध! मी घरी सगळ्यांना सांगत होते की माझं कॅल्शियम चांगलं आहे, हाड उगाच मोडलं. म्हणजे हा आकडा बघून मी स्वतःची समजूत घालत होते?

सांजवारा :

काजवाताई, समजूत सगळेच घालतात, रिपोर्टवर हिरव्या रंगात 'नॉर्मल' लिहिलेलं असतं ना. पण हाडं ठिसूळ झालेल्या बहुतेकांचं रक्तातलं कॅल्शियम नॉर्मलच असतं. रक्ताला कमी पडू नये म्हणूनच तर शरीर हाडाकडे हात पसरतं. पाळी गेल्यावर इस्ट्रोजेन उतरतं. हाड खाणाऱ्या पेशींना लगाम घालणारं ते एक मोठं हॉर्मोन, तो लगाम सुटतो. त्यात ड कमी असेल तर पीटीएच चढं राहतं आणि झीज दोन बाजूंनी होते. तुमचं ड आणि पीटीएच तपासलंय का?

काजवा :

ड १४ होतं, ते आता गोळ्यांनी वर आलंय. पीटीएच कोणी सांगितलं नव्हतं. पुढच्या वेळी विचारते.

---

कवडसा :

लेख आवडला, पण एक मोठं नाव राहिलं. मी मुलांना जीवशास्त्र शिकवतो. पुस्तकात तराजूच असतो : एका पारड्यात पीटीएच, कॅल्शियम वाढवणारं, दुसऱ्यात कॅल्सिटोनिन, ते कमी करणारं. दोघांची रस्सीखेच. कॅल्सिटोनिनचा उल्लेखही नाही?

सांजवारा :

मुद्दाम टाळला, पण विचारलंत ते बरं झालं. तो तराजू दिसायला सुबक आहे, पण माणसाच्या बाबतीत खरा नाही. कॅल्सिटोनिन १९६० च्या दशकाच्या सुरुवातीला कॅनडातल्या हॅरल्ड कॉप यांनी शोधलं. थायरॉईडमधल्या सी पेशी ते सोडतात. आता माझंच बघा, माझी थायरॉईड पूर्ण काढली आहे, म्हणजे कॅल्सिटोनिनचा मुख्य झराच गेला. माझं कॅल्शियम वाढलं का? नाही. उलट्या टोकाला, सी पेशींच्या कॅन्सरमध्ये कॅल्सिटोनिन प्रचंड वाढतं, तरी त्या रुग्णांचं कॅल्शियम सहसा खाली जात नाही. म्हणजे दुसऱ्या पारड्यात कोणी बसलेलंच नाही. कॅल्शियम वाढलं तर ते खाली आणण्याचं काम मुख्यतः पीटीएच गप्प बसल्याने होतं.

माशांमध्ये मात्र ते जोरकस आहे. औषध म्हणून वापरतात ते सॅमन माशाचं कॅल्सिटोनिन, माणसाच्यापेक्षा कितीतरी प्रभावी.

कवडसा :

हे मला खरोखर नवीन आहे. उद्या वर्गात तराजू काढणार नाही. मुलं हमखास विचारतील म्हणून आधीच विचारतो : कॅल्शियम तर स्नायू आकुंचन पावायला लागतं. मग ते कमी झाल्यावर तुमचा हात लुळा पडायला हवा होता. तो आखडला कसा?

सांजवारा :

मीही इथेच अडकले होते. स्नायूच्या पेशीला आकुंचनासाठी लागणारं कॅल्शियम तिच्या आतल्या साठ्यातून येतं, त्याला चट्कन धक्का लागत नाही. बाहेरच्या द्रवातलं कॅल्शियम वेगळं काम करतं. नसेच्या पेशीवर सोडियमची दारं असतात, ती सहजासहजी उघडू नयेत म्हणून बाहेरचं कॅल्शियम त्यांना आवरून धरतं. ते कमी झालं की दारं जरा धक्का लागला की उघडतात. नस आपणहून पेटते. आधी जाणिवेच्या नसा, म्हणून ओठाला आणि बोटांना मुंग्या. मग हालचालीच्या, म्हणून पेटके. पट्टा आवळल्यावर हाताचा रक्तपुरवठा थांबतो, आधीच चिडलेल्या नसा आणखी चिडतात आणि पंजा वळतो.

म्हणूनच खूप घाबरून जोरजोरात श्वास घेणाऱ्या माणसाच्या बोटांना मुंग्या येतात. कार्बन डायऑक्साइड उडून जातो, रक्त अल्कधर्मी होतं, अल्ब्युमिन जास्त कॅल्शियम धरून ठेवतं. एकूण आकडा तोच, मोकळं मात्र कमी.

---

गोधूळ :

जनावरांचा डॉक्टर आहे, पंचवीस वर्षं. वरच्या प्रश्नावर राहवलं नाही.

गायीत उलटं होतं! दुधाळ गाय व्याली की पहिल्या एक-दोन दिवसांत तिचं कॅल्शियम एकदम कोसळतं. चिकातून दिवसाला २०-३० ग्रॅम कॅल्शियम निघून जातं आणि तिच्या रक्तात एका वेळी असतं जेमतेम ३ ग्रॅम. आम्ही याला दुग्धज्वर म्हणतो. ज्वर नावालाच, अंग तर थंड पडतं. सुरुवातीला थरथर, पाय लटपटणं. मग गाय बसते ती उठत नाही. मान वळवून कुशीवर टाकलेली, कान हाताला गार, नाकपुडी कोरडी, पोट फुगलेलं. ती आखडत नाही, लुळी पडते. गायीच्या बाबतीत नसेकडून स्नायूला निरोप देणारं रसायन सुटायला जे कॅल्शियम लागतं तेच आधी अपुरं पडतं. कुत्रीत मात्र पिल्लं दूध पीत असताना माणसासारखे झटके येतात. तेव्हा कवडसा, तुमची मुलं चूक नाहीत, त्यांचं उत्तर गोठ्यात बरोबर ठरतं.

शिरेतून कॅल्शियम बोरोग्लुकोनेट देतो. एका हातात बाटली, दुसरा हात किंवा स्टेथोस्कोप हृदयावर, कारण घाई केली तर हृदय बंद पडतं. अर्धी बाटली गेली की गाय ढेकर देते, अंगावर थरथर येते, शेण टाकते. कधी कधी सुई काढून मी बाजूला होईपर्यंत उभी राहते. इतक्या वर्षांनीही ते बघताना माझ्या अंगावर काटा येतो.

आता खरी गोष्ट. पूर्वी आम्हाला वाटायचं की व्यायच्या आधी गायीला भरपूर कॅल्शियम चारावं, म्हणजे साठा राहील. तसं केलं की दुग्धज्वर वाढतो! कारण सांजवारांच्या लेखातच आहे. आयतं कॅल्शियम मिळत राहिलं की पॅराथायरॉईड निवांत, पीटीएच खाली, आतडं आणि हाड दोन्ही सुस्त. आणि व्याल्यावर एका रात्रीत मागणी कित्येक पट. ग्रंथीला हुकूम द्यायला वेळ लागत नाही, पण हाडाला आणि आतड्याला जाग यायला दिवस लागतात. म्हणून आता व्यायच्या आधीचे दोन-तीन आठवडे कॅल्शियम कमी ठेवतात किंवा रक्त किंचित आम्लधर्मी करणारे क्षार खाद्यातून देतात. आम्ल बाजूला झुकलं की पीटीएचचा हुकूम पेशींना नीट ऐकू येतो.

सांजवारा :

गोधूळ, तुमचा हा प्रतिसाद माझ्या लेखापेक्षा मोलाचा आहे. तयारीत ठेवणं आणि साठा करणं यात इतका फरक असेल असं कधी वाटलं नव्हतं.

---

अनवट :

लॅबमध्ये काम करते, त्यामुळे दोन व्यावहारिक गोष्टी.

एक, दंडाला पट्टा बांधून फार वेळ ठेवला आणि वरून मूठ उघड-मीट करायला लावली तर कॅल्शियम खोटं वाढलेलं येतं. पाणी शिरेबाहेर झिरपतं, अल्ब्युमिन आणि त्याला बांधलेलं कॅल्शियम मागे राहतं. किंचित वाढलेला आकडा आला तर घाबरण्याआधी पुन्हा नीट रक्त द्या. दोन, अल्ब्युमिन कमी असेल तर एकूण कॅल्शियम खोटं कमी दिसतं. ढोबळ हिशोब असा की अल्ब्युमिन दर डेसिलिटरला ४ ग्रॅमच्या खाली जितके ग्रॅम, तितक्या पटीने कॅल्शियमच्या आकड्यात ०.८ मिळवायचं. अतिदक्षता विभागातल्या रुग्णांत हा हिशोब फसतो, तिथे आयनरूपातलं कॅल्शियम थेट मोजतात.

आणि मॅग्नेशियम विसरू नका. ते फार घसरलं की पॅराथायरॉईडला पीटीएच सोडता येत नाही. मग कितीही कॅल्शियम द्या, आकडा वर येत नाही. आधी मॅग्नेशियम भरून काढावं लागतं.

पैलतीर :

माझा अनुभव इथे नोंदवतो, कोणाच्या उपयोगी पडला तर पडो. ड कमी निघालं होतं, आठवड्यातून एकदा घ्यायची मोठ्या ताकदीची गोळी दिली होती. मी ती रोज घेत राहिलो, अडीच महिने. पाकिटावर कसं घ्यायचं ते लिहून द्यायचं राहून गेलं होतं आणि मीही विचारलं नाही. आधी तोंड सारखं कोरडं, रात्री चार-पाच वेळा लघवी, मग बद्धकोष्ठ, मळमळ, डोकं जड. बायको म्हणायची तुम्ही बोलता बोलता हरवता. कॅल्शियम १३.२ निघालं, पीटीएच जवळजवळ शून्य. ड चरबीत साठतं, त्यामुळे गोळी बंद केल्यावरही उतरायला दोन महिने गेले. उन्हातून ड असं कधी जास्त होत नाही म्हणतात, हे खरं का?

सांजवारा :

खरं आहे. त्वचेत जास्त झालं तर तेच ऊन त्याचे निरुपयोगी पदार्थ करून टाकतं. गोळीला असा आवर नाही. तुमचं पीटीएच शून्याजवळ होतं, म्हणजे ग्रंथींनी आपलं काम चोख केलं होतं. त्या गप्प बसल्या, पण त्यांच्या हातात तेवढंच होतं.

---

रानजाई :

माझ्या मावशीबद्दल विचारायचं आहे. वय ५८. सहा वर्षांत दोनदा मुतखडा झाला. दमलेली असते, हल्ली उदासही. तिचे जुने रिपोर्ट काढले तर कॅल्शियम १०.७, १०.९, १०.८. दर वेळी सांगितलं गेलं की सीमेवर आहे, पाणी जास्त प्या. या वेळी मी हट्टाने पीटीएच करायला लावलं. ते ५८ आलंय आणि रिपोर्टवर १० ते ६५ नॉर्मल छापलंय. म्हणजे ग्रंथींचा काही प्रश्न नाही ना?

सांजवारा :

रानजाई, इथेच सगळ्यात जास्त लोक चुकतात. छापलेली मर्यादा ही कॅल्शियम ठीक असलेल्या माणसांची आहे. मावशीचं कॅल्शियम वर आहे. अशा वेळी निरोगी ग्रंथी गप्प बसायला हव्यात, पीटीएच तळाला जायला हवं, पैलतीर यांचं गेलं तसं. तिचं ५८ आहे याचा अर्थ एखादी ग्रंथी ऐकेनाशी झालीये. बहुतेक वेळा चारपैकी एकीत साधी गाठ असते, कॅन्सरची नव्हे. खडे, थकवा, उदासी, सगळं त्याच्याशी जुळतं. कॅल्शियम वर आणि पीटीएच तळाला असतं तर कारण ग्रंथींच्या बाहेर शोधावं लागलं असतं. काही कॅन्सर पीटीएचसारखं एक प्रथिन सोडतात, किंवा मग ड चा अतिरेक वगैरे.

एकच तपासणी आधी करून घ्यायला सांगा : २४ तासांच्या लघवीतलं कॅल्शियम. काही घराण्यांत कॅल्शियम ओळखणारा रिसेप्टरच जन्मतः जरा बधिर असतो. त्यांचं कॅल्शियम आयुष्यभर थोडं चढं असतं, लघवीत मात्र फार कमी जातं, आणि त्यांना ऑपरेशनची गरजच नसते. मावशीला खडे होतात म्हणजे तिच्या लघवीत भरपूर जात असणार, पण तपासलेलं बरं. हॉर्मोनतज्ज्ञांना दाखवाच, उशीर करू नका.

रानजाई :

वाचून धडधडायला लागलं, पण बरंही वाटलं. सहा वर्षं ती 'मला कंटाळा येतो' म्हणायची आणि आम्ही तिला फिरायला जा म्हणायचो.

---

कवडसा :

गाठ ऑपरेशनमध्ये सापडते कशी? तुम्हीच म्हणालात की ग्रंथी चरबीत हरवतात.

सांजवारा :

आता सोनोग्राफी आणि आयसोटोपचे स्कॅन आहेत. पण पूर्वी काय हाल झाले असतील! चार्ल्स मार्टेल नावाचे अमेरिकन जहाजाचे कप्तान होते. हाडं झिजून त्यांची उंची सुमारे सात इंचांनी घटली, हाडं मोडत राहिली. १९२६ पासून त्यांच्यावर गळ्याची सहा ऑपरेशनं झाली, गाठ सापडेना. शेवटी त्यांनी स्वतः शरीरशास्त्र वाचलं आणि छाती उघडून बघा म्हणून आग्रह धरला. १९३२ मध्ये सातव्या ऑपरेशनला ती छातीत सापडली. पण पुढे खड्याच्या त्रासातून ते काही आठवड्यांत गेले. हे मी कितीदा वाचलं तरी गलबलून येतं.

गळ्यातली ग्रंथी छातीत का? गर्भात खालच्या दोन पॅराथायरॉईड आणि छातीतली थायमस एकाच कप्प्यातून तयार होतात आणि बरोबर खाली सरकतात. एखादी वाटेत थांबायची राहते आणि थेट छातीत उतरते. ते कप्पे म्हणजे माशांमध्ये जिथून कल्ले होतात तीच जागा. माशांना पॅराथायरॉईड नसतात, त्यांना पाण्यातून कल्ल्यांवाटे कॅल्शियम मिळतं. जमिनीवर आलेल्या प्राण्यांना ते आयतं मिळेना, आणि त्याच ठिकाणी या ग्रंथी आल्या.

गोधूळ :

आणि या ग्रंथी पहिल्यांदा दिसल्या त्या माणसात नव्हेत, गेंड्यात. लंडनच्या प्राणिसंग्रहालयातला भारतीय गेंडा १८४९ मध्ये मेला, त्याचं विच्छेदन करताना रिचर्ड ओवेन यांना थायरॉईडला चिकटलेली एक छोटी पिवळी गाठ दिसली, त्यांनी ती नोंदवून ठेवली. माणसातल्या ग्रंथींचं वर्णन १८८० मध्ये स्वीडनमधल्या इव्हार सँडस्ट्रॉम या वैद्यकीय विद्यार्थ्याने केलं. त्यांचा कॅल्शियमशी संबंध आहे हे पक्कं व्हायला १९०९ उजाडलं. मॅकॅलम आणि व्होग्टलिन यांनी ग्रंथी काढलेल्या जनावरांचे झटके कॅल्शियम देऊन थांबवले. तोवर समज असा होता की या ग्रंथी रक्तातलं कसलंसं विष काढून टाकतात.

---

रानजाई :

सात आठवड्यांनी परत येतेय. मावशीच्या लघवीत कॅल्शियम जास्तच निघालं. स्कॅनमध्ये डाव्या बाजूला खालची ग्रंथी मोठी दिसली. परवा ऑपरेशन झालं. सर्जननी आधीच समजावलं होतं की गाठ काढल्यावर दहा मिनिटांनी टेबलावरच रक्त घेऊन पीटीएच बघणार, निम्म्याहून खाली आलं तर बरोबर तीच गाठ होती. सांजवारा, तुम्ही लिहिलं होतं ना, की ते रक्तात दोन-चार मिनिटंच टिकतं. बाहेर बाकावर बसून मला तेच आठवत होतं. १३२ वरून २१ वर आलं.

पण काल रात्री तिच्या ओठांना मुंग्या यायला लागल्या. मी लगेच नर्सना उठवलं, सांगितलं की कॅल्शियम बघा. ७.९ होतं.

सांजवारा :

बाकीच्या तीन ग्रंथी कित्येक वर्षं गप्प बसलेल्या असतात, त्यांना जाग यायला वेळ लागतो. आणि भुकेलेली हाडं पीटीएचचा रेटा थांबताच रक्तातलं कॅल्शियम ओढून घेतात. सहसा काही दिवसांत किंवा आठवड्यांत स्थिरावतं. तुम्ही वेळेवर सांगितलंत हे फार बरं केलंत.

रानजाई :

गोळ्या आणि कॅल्सिट्रिऑल सुरू केलंय. मुंग्या दुपारीच थांबल्या. आज सकाळी आकडा ८.६. संध्याकाळी तिने स्वतःहून फोन मागून घेतला आणि बहिणीशी अर्धा तास बोलत बसली.